एका चार्जिंगवर जेवढं जाता येतं

मित्रांनो, नागपुरात कामठी रोडच्या कडेने, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बसून सरकत जाणारी एक बाई तुम्हाला कधी दिसली, तर थोडे खाली वाकून पाहा. तिच्या खाली जो आहे तो मी. मी इलेक्ट्रिक स्केटबोर्ड आहे. आता तरुण राहिलेलो नाही. माझ्या फळीच्या कडा झिजल्या आहेत. एका चाकाचा रंग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा आहे. पोटातली बॅटरी दोनदा उघडून पुन्हा बसवलेली आहे. तरीही मी रोज रस्त्यावर असतो. ते कसे, हे तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून माझी फळी तयार झाली. मागच्या दोन चाकांत मोटरी बसवल्या. फळीखाली एक चपटा डबा लावला आणि त्यात बॅटरी ठेवली. माझा जीव त्या डब्यात आहे. बॅटरीत सेलांचे दहा गट एका रांगेत जोडलेले आहेत. विहिरीवरून हातोहात बादल्या पुढे देणारी माणसे असतात ना, तसे. रांगेतल्या एकाने हात टाकले की सगळी रांग थांबते.

मी पूर्ण भरलेला असलो की माझा आकडा बेचाळीस व्होल्ट असतो. सदतीसच्या आसपास मी अर्धा रिकामा झालेला असतो. तेहेतीसच्या खाली मला धाप लागते आणि तिसावर मी आपोआप बंद पडतो. तो माझा हट्ट नव्हे. त्याच्याही खाली मला कोणी ओढत नेले तर माझे सेल कायमचे बिघडतात. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझे सगळे बरेवाईट या आकड्यांच्या मधल्या जागेतच घडले.

माझा पहिला मालक आयुष. तो धरमपेठेत राहत होता आणि कॉलेजात शिकत होता. भल्या सकाळी तो मला फुटाळा तलावाच्या रस्त्यावर घेऊन जाई. काय ते दिवस होते! वारा अंगावरून जात होता आणि फिरायला आलेले लोक थांबून माझ्याकडे पाहत होते. आयुषला वेग आवडत होता. "अजून थोडं जाते ना," असे म्हणत तो मला अगदी बंद पडेपर्यंत चालवी. मग उचलून गाडीच्या डिकीत टाकी आणि घरी जाऊन गरम असतानाच चार्जिंगला लावी. एका मे महिन्यात मी पूर्ण भरलेला, तसाच उन्हातल्या गाडीत कितीतरी दिवस पडून राहिलो. नागपूरचे मे महिन्यातले ऊन मी तुम्हाला काय सांगावे? भरलेल्या पोटी मी आतून भाजून निघालो. त्या उन्हाळ्यानंतर मी फुटाळ्याची निम्मी फेरीही पुरी करू शकलो नाही.

पुढे आयुषला बंगळुरूला नोकरी लागली. मी चपलांच्या मांडणीमागे उभा राहिलो. तेव्हा मी रिकामा होतो आणि रिकामाच राहिलो. मला त्याचा राग नाही. त्याने मला फार आवडीने चालवले. पण आवड वेगळी आणि निगा वेगळी, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

एके दिवशी आयुषच्या आईने, गोपिकाबाईंनी, मला एका इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करणाऱ्या सेंटरमध्ये आणले. "भंगारात द्यायला जीव होत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या कामाचं काही निघालं तर पाहा." तिथे मेघा नावाची मुलगी काम करत होती. तिने मला टेबलावर पालथे घातले, स्क्रू काढले आणि मीटरची दोन टोके एकेका गटाला लावून पाहिली. दहांपैकी दोन गट मेलेले होते. उरलेले आठ जगत होते, पण कोणी वर, कोणी खाली.

"अरे बाप्पा," मेघा पुटपुटली. "तुले तर उपाशी मारलं राजा कोणीतरी."

इतक्या दिवसांत माझ्याशी कोणी असे बोलले नव्हते.

सुटीनंतर मेघा माझ्यापाशी बसू लागली. मेलेले गट काढून तिने दुसरे सेल जोडले. मग अगदी सावकाश चार्जिंग करून दहाही गट एका पातळीवर आणले. वेगवेगळ्या उंचीची माणसे एका रांगेत उभी केली की जसे वाटते तसे मला पहिल्यांदा वाटले. हळूहळू सवय झाली. एका संध्याकाळी तिने मला पाठीवरच्या पिशवीत घातले आणि कामठी रोडवरच्या इंदोऱ्याला आपल्या घरी नेले.

त्या घरात मेघाचे वडील नागसेन होते. ते ऑटो चालवत. आणि मेघाची आत्या होती, कौसल्याबाई.

कौसल्याबाईंना लहानपणी पोलिओ झाला होता. दोन्ही पायांत बळ नव्हते. लाकडी फळीला लोखंडी बेअरिंगची चाके लावलेली एक गाडी त्यांच्याकडे होती. त्यावर मांडी घालून बसायचे आणि हातात चपला अडकवून जमीन मागे लोटायची, असे त्यांनी आयुष्य काढले होते. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानाबाहेर त्यांचे शिलाई मशीन होते. साडीला फॉल लावण्यात आणि पिको करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मशीन पायाचे नव्हते, हाताने दाबायच्या बटणावर चालणारे होते. सकाळी नागसेन त्यांना उचलून ऑटोत बसवत, फळी मागे टाकत आणि बर्डीत उतरवत. संध्याकाळी भाडे संपवून ते येत तोवर कौसल्याबाई बंद दुकानांच्या पायरीशी थांबून राहत. भाऊ प्रेमळ होता. पण येणे-जाणे भावाच्या वेळेवर होते.

मेघाने मला त्यांच्यापुढे ठेवले.

"हे काय वं?"

"तुही नवी गाडी, आत्या. मोटरची."

"पोट्ट्यांचं खेळणं ते. मले कायले पाहिजे?"

"तुहे खांदे दुखतात म्हणून. डॉक्टर काय म्हणाले ते विसरली का?"

कौसल्याबाईंनी खांदा चोळला. पण मेघाने माझ्यावर त्यांच्यासाठी बसकी गादी शिवून बांधायला सांगितली, तेव्हा ती त्यांनी स्वतःच शिवली. निळ्या कापडाची, कडेला दुहेरी टीप. मेघाने मागे एक लांब काडी लावून तिला लाल झेंडी बांधली, म्हणजे ट्रकवाल्यांना खाली कोणी बसले आहे हे दिसावे.

पहिल्या दिवशी त्यांनी हातातल्या रिमोटवरचे वेगाचे छोटे चाक अगदी नखभर पुढे सरकवले. मी हललो. त्यांचे दोन्ही हात सवयीने जमिनीकडे गेले आणि हवेतच थांबले. जमीन लोटायची गरजच नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत त्या तशाच गेल्या, हात मांडीवर ठेवून. परत आल्या तेव्हा मेघाला म्हणाल्या, "हाताले काय काम देऊ आता, समजून नाही राहिलं मले." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, इथवर सारे चांगले चालले होते. पण माझ्या रिमोटवर एक खोटारडी गोष्ट होती. चार्जिंग दाखवणाऱ्या चार छोट्या काड्या. कौसल्याबाई त्या काड्यांवर विश्वास ठेवू लागल्या. एके दिवशी त्या बर्डीहून एकट्या परत निघाल्या. रिमोटवर दोन काड्या होत्या. गड्डीगोदामच्या रेल्वेपुलाखालून वर येणारा चढ लागला. मला जोर लावावा लागला, माझा आकडा धाडकन खाली गेला, दोन काड्यांची एक झाली आणि ती एकही विझली. चढाच्या मध्यावर मी बंद पडलो. मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

तेवढ्यात दोन माणसे धावत आली. त्यांनी काही न विचारता कौसल्याबाईंना काखेत धरून उचलले आणि फुटपाथवर ठेवले. मला त्यांच्याशेजारी आपटले. माणसे भली होती. काम करून निघूनही गेली. पण कौसल्याबाई किती तरी वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांची साडी गुडघ्यावर सरकली होती, ती त्यांनी ओढून सारखी केली.

नागसेनच्या ऑटोतून घरी आल्यावर त्यांनी मला भिंतीकडे लोटले. "ने तुही गाडी परत. सामान उचलावं तसं उचललं मले. माह्या जुन्या फळीवर असं कधी झालं नाही."

नागसेन म्हणाले, "ताई, मी आहो ना. मी सोडत जाईन तुले पहिल्यासारखा."

मेघाला मात्र आपली चूक कळली होती. दुसऱ्या दिवशी तिने सेंटरमधून नखाएवढे आकडे दाखवणारे एक मीटर आणले आणि माझ्या पुढच्या टोकाला, कौसल्याबाईंच्या डोळ्यांसमोर बसवले.

"आत्या, त्या काड्या पाहूच नको. हे व्होल्ट पाह. आता उभी आहे गाडी, किती दिसते?"

"अडतीस."

"आता मी मागून धरून ठेवतो, अन् तू चालव."

मेघाने मला घट्ट धरले. कौसल्याबाईंनी चाक पुढे केले. मी कण्हलो आणि आकडा छत्तीसवर आला. त्यांनी चाक सोडले. आकडा हळूहळू पुन्हा अडतीसकडे चढला.

कौसल्याबाई थोडा वेळ मीटरकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या घरी जाड कपड्यावर मशीन चालवली का बल्ब मंद होते. मशीन थांबली का पुन्हा उजेड येते. तसंच ना हे?"

"हाव! तसंच आहे, आत्या."

"म्हणजे ते संपलं नाही. ते दमलं."

"दमलं. पण अर्ध्याच्या खाली असताना जास्त दमते. चढावर एकदम खाली जाते अन् बंद पडते. म्हणून चढ यायच्या पहिले पाहा लागते, चढावर नाही."

त्या दिवसापासून आमची खरी ओळख झाली. चढ आला की कौसल्याबाई वेग कमी करत आणि पुन्हा हातात चपला घालून मला थोडी मदत करत. उतारावर ब्रेक अलगद दाबत, कारण ब्रेक दाबला की थोडीशी वीज माझ्या पोटात परत येते. सकाळी पूर्ण भरलेला असताना मात्र उतारावर ब्रेक जपून. भरल्या ताटात आणखी वाढले तर सांडतेच. दुकानात पोचल्यावर मला सावलीत ठेवत, अंग निवू देत आणि मगच चार्जिंगला लावत. बेचाळीसपर्यंत रोज भरत नसत. "रोज कशाले तट्ट जेवायचं?" असे म्हणत. महिन्याभरात त्या इंदोरा ते बर्डी आपल्या आपण येऊ-जाऊ लागल्या. संध्याकाळी पायरीशी थांबणे संपले. कधी कधी वाटेत थांबून त्या संत्री घेत, ओळखीच्या बाईशी गप्पा मारत. कोणाची वाट न पाहता उशीर करणे ही केवढी मोठी चैन आहे, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

मग ऑक्टोबर आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी सुरू झाली. गल्लीत निळ्या पताका लागल्या. जेवताना कौसल्याबाईंनी सहज बोलल्यासारखे सांगितले, "यंदा दीक्षाभूमीले माही मीच जाईन."

नागसेनचा घास हातात राहिला. "एकटी? ताई, गर्दी किती राहते माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. लहानपणापासून पाहून राहिली. पहिले बाबाच्या खांद्यावरून पाहिली, मग तुह्या हातावरून."

त्यांचे वडील तरुणपणी, छप्पन्न साली, तिथे दीक्षा घेणाऱ्या लाखो माणसांत उभे होते. पुढे दरवर्षी ते लेकीला खांद्यावर बसवून इंदोऱ्याहून चालत नेत. खांद्यावरून स्तूप सर्वांच्या आधी दिसतो, असे ते सांगत. ते गेल्यावर नागसेन ताईला ऑटोने नेत आणि रस्ता बंद झाला की कडेवर उचलून घेत.

"तिथं सगळे आपल्या पायानं येतात गा," कौसल्याबाई म्हणाल्या. "कुठून कुठून चालत येतात. मी कधी आपल्यानं पोचली नाही. मले एकदा पोचून पाहायचं आहे."

मेघाने ताट सरकवून हिशेब केला. जायला मी पुरेसा होतो. अंगात थोडे उरलेही असते. परत येताना नागसेनचा ऑटो होता. "मी गेटापाशी थांबतो," मेघा म्हणाली. "सोबत येत नाही. पण आत्या, तेहेतीसच्या खाली नको नेऊ. जुनी बॅटरी आहे. जोडलेली आहे."

"नाही नेत."

त्या दिवशी सकाळी मला बेचाळीसपर्यंत भरले. कौसल्याबाईंनी पांढरी साडी नेसली होती. पोटाशी पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली होती. पिशवी बांधायला जुन्या साडीची वेणी घालून केलेली दोरी. आम्ही निघालो. रस्त्यावर माणसांचा पूर होता. पांढरे कपडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे, घोषणा. मला दोन पावले चालून थांबावे लागे, पुन्हा दोन पावले. अशा चालण्याने बॅटरी जास्त खर्च होते. तरी बर्डीपर्यंत आम्ही छान आलो. व्हेरायटी चौकात कौसल्याबाईंनी आपल्या बंद मशीनकडे पाहून हात हलवला आणि पुढे निघाल्या. आकडा साडेसदतीस होता. त्या खुशीत होत्या; मलाही ते कळत होते.

पंचशील चौकाच्या थोडे पुढे, रस्त्याच्या कडेला एक माणूस थांबलेला दिसला. साठीचा असावा. त्याचे दोन्ही पाय मांड्यांपासून नव्हते. तो एका फळीवर बसला होता, तशाच बेअरिंगच्या चाकांच्या. त्याच्या हातातल्या चपला फाटल्या होत्या आणि तळव्यांतून रक्त येत होते. लोक त्याला वळसा घालून जात होते. वाईटपणाने नव्हे, मागची गर्दी त्यांना पुढे लोटत होती.

कौसल्याबाई थांबल्या. "जय भीम, भाऊ. कुठून आले?"

"जय भीम, ताई. कन्हानहून. देवराव म्हणतात मले. बाजारात चाव्या करतो." त्याने तळवे लुगड्याच्या चिंधीने पुसले. "बस लय अलीकडे थांबवली. तिथून ढकलून राहिलो. हात सोलले आता."

"घरचं कोणी नाही सोबत?"

"दरसाल भाचा आणत होता. यंदा तो कामाले गेला बाहेरगावी. मी म्हणलं, काहून नाही जाऊ शकत मी? निघालो." तो कसनुसा हसला. "आता समजलं काहून."

कौसल्याबाईंनी मीटरकडे पाहिले. त्यांना सगळे ठाऊक होते, मित्रांनो. एकट्या गेल्या तर त्या सुखाने पोचणार होत्या. दोघांचे ओझे आणि त्या लोखंडी चाकांचे घासणे मला पेलवणार नव्हते. त्यांनी पुढे, गर्दीच्या वर पाहिले. मग पिशवीची दोरी सोडली.

"हे धरा, भाऊ."

"नाही ताई, नाही. तुमची बॅटरी संपून जाईन. माह्यापायी तुम्ही काहून अडकता?"

"संपली तर माहे हात कुठी गेले? धरा तुम्ही."

कौसल्याबाईंनी दोरीचे एक टोक माझ्या मागच्या कडीला बांधले. दुसरे देवरावांनी कमरेला गुंडाळून धरले. मी जोर लावला. आकडा चौतीसवर कोसळला. थांबलो की छत्तीस, निघालो की चौतीस. मग तेहेतीस. कौसल्याबाई घाई करत नव्हत्या. कडुलिंबाच्या सावलीत थांबत, मला निवू देत, देवरावांना पाणी देत. एका भोजनदानाच्या मांडवाजवळ कोणीतरी दोघांच्या हातात पुरी-भाजी ठेवली. तिथे देवरावांनी विचारले, "हे आकडे काय सांगतात, ताई?"

"किती जीव उरला ते सांगतात."

"चांगलं आहे. माणसाले असं एक पाहिजे होतं कपाळावर."

दोघे हसले. आम्ही पुन्हा निघालो. बत्तीस. एकतीस. माझ्या रांगेतला एक गट, मेघाने नव्याने जोडलेल्यांपैकी एक, हात टाकू लागला होता. मला ते आतून जाणवत होते. रहाटे कॉलनीच्या चौकापुढे मी थांबलो. कौसल्याबाईंनी चाक पुढे केले. काही झाले नाही. त्यांनी वाट पाहिली, पुन्हा केले. मीटरही विझले.

स्तूपाचा घुमट समोर दिसत होता. मला तिथवर त्यांना नेता आले नाही, याचे दुःख मी अजून विसरलेलो नाही.

निळ्या टोप्या घातलेले काही स्वयंसेवक आले. त्यांतला एक वाकला आणि त्याने हात पुढे केले. "मावशी, उचलून नेतो आम्ही दोघायलेही. पाच मिनिटांत पोचवतो."

"उचलू नका, बाळा," कौसल्याबाई म्हणाल्या. "रस्ता करून द्या."

त्या मुलाला क्षणभर कळले नाही. मग कळले. त्याने सोबत्यांना हाक मारली. त्यांनी एकमेकांचे हात धरून दोन्ही बाजूंना साखळी केली आणि मधे एक चिंचोळी वाट उघडली. कौसल्याबाईंनी आपली एक चप्पल देवरावांना दिली, एक स्वतःच्या हातात घातली. दोघांनी एकेका हाताने जमीन मागे लोटली. एका हाताने लोटले की फळी वाकडी जाते. म्हणून त्यांनी मोकळ्या हातांनी एकमेकांना धरले. बेअरिंगची चाके खडखडत होती. मी निजल्यासारखा सरकत होतो. साखळीतले एक पोर ओरडले, "जय भीम!" आणि ती हाळी आमच्या पुढे पुढे जात राहिली.

गेटापाशी मेघा उभी होती. तिने आधी विझलेले मीटर पाहिले, मग आत्याचे हात. खाली बसून तिने आत्याच्या गळ्यात हात टाकले.

आत गेल्यावर कौसल्याबाई स्तूपाकडे पाहत बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. शेजारी देवराव हात जोडून होते, आणि त्यांच्या तळव्यांना मेघाने रुमाल बांधला होता. निघायच्या वेळी नागसेन आले. कौसल्याबाईंनी दोन्ही हात वर केले. "आता उचल गा, नागसेन. आता दमली मी." तो ऑटो त्या दिवशी आधी बस स्टँडवर गेला, देवरावांना सोडायला, आणि मग इंदोऱ्याला.

घरी मेघाने मला उघडले. एक गट मेला होता. "आत्या, मी सांगितलं होतं ना? तेहेतीसच्या खाली नको म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग काहून नेलं? तुले दिसत नव्हतं का?"

"दिसून राहिलं होतं, मेघा. तू मीटर लावून देलं ना, म्हणून तर. त्या पुलाखाली संपली, तेव्हा मले माहीत नव्हतं. लोकांनं उचलून ठेवलं मले. या वेळी मले माहीत होतं का संपणार आहे. माहीत असून म्या देलं." त्यांनी माझ्या फळीवरून हात फिरवला. "त्यात फरक असते."

मेघाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

मेलेला गट तिने बदलला, पण माझी ताकद पहिल्याइतकी परत आली नाही. आता मी इंदोऱ्याहून बर्डीला पोचतो आणि तिथे चार्जिंग केल्याशिवाय परत येऊ शकत नाही. आम्ही तसे जुळवून घेतले आहे. त्या हिवाळ्यात मेघाने देवरावांसाठी एक बोर्ड जुळवला. जुन्या स्कूटरच्या बॅटऱ्यांतले चांगले सेल तिने एकेक करून निवडले. गादी अर्थातच कौसल्याबाईंनी शिवली. देवराव पहिल्यांदा त्यावर बसले आणि त्यांनी विचारले, "ताई, हे किती दूर जाते?"

कौसल्याबाई म्हणाल्या, "तुमाले कुठी जायचं आहे ते सांगा पहिले."

देवरावांनी मान खाली घातली आणि हळूच सांगितले, "पुढच्या साली कन्हानहून. घरापासून. बस नाही."

ते कामठीच्याही पलीकडे, फार दूर होते. कोणताही बोर्ड एका चार्जिंगवर ते अंतर कापू शकत नाही. मेघाने नकारार्थी मान हलवली. पण कौसल्याबाईंनी फोन हातात घेतला. कामठीत यमुताई नावाच्या त्यांच्या एक जुन्या गिऱ्हाईक होत्या; त्यांचे ब्लाऊज शिवायचे दुकान रस्त्यावरच होते. "यमुताई, तुमच्या दुकानात एक प्लग मोकळा राहते का? एका दुपारपुरता?" त्यापुढचा मुक्काम इंदोऱ्याला, आमच्याच घरी. पुढे बर्डीत, कौसल्याबाईंच्या मशीनमागे. अशा उड्या मारत मारत, दोन दिवस घेऊन, देवराव यंदा कन्हानहून आले. आमच्या घरी भिंतीत एकच प्लग आहे. मी त्याला लावलेला होतो आणि अर्धाच भरलो होतो. कौसल्याबाईंनी माझी पिन काढली आणि त्यांची लावली. मी भिंतीशी टेकून राहिलो. देवरावांच्या चार्जरचा दिवा लाल होता, तो हिरवा होईपर्यंत दोघे अंगणात बसून बोलत होते.

मित्रांनो, मी तुम्हाला आकड्यांबद्दल बरेच सांगितले. मला उन्हात ठेवू नका, तळापर्यंत पिळू नका, रिकामा करून विसरू नका; एवढे कराल तर माझ्यासारखे खूप वर्षे चालतील. पण मी किती दूर जाईन हे निम्मेच माझ्या पोटात ठरते. बाकीचे वाटेवरच्या घरांत ठरते. तेव्हा कधी तुमच्या दाराशी धुळीने माखलेल्या कोणी येऊन चार्जर पुढे केला, तर "किती वेळ लागेल?" असे आधी विचारू नका. आधी पाणी द्या, बसायला द्या, कुठून आलात ते विचारा. वेळ तेवढ्यात जातो.